न मांडलेला आगीचा हिशेब

दरवर्षी ६ ऑगस्टला हिरोशिमाचा स्मृतिदिन पाळला जातो. सभा होतात, ठराव होतात. त्या सभांतून अणुबॉम्बविषयी जे बोलले जाते त्यात बहुधा दोनच गोष्टी ठळकपणे येतात. एक, क्षणार्धात शहर भुईसपाट करणारा स्फोट. आणि दुसरी, वर्षानुवर्षे पाठ न सोडणारा किरणोत्सर्ग. या दोहोंच्या मधली तिसरी गोष्ट म्हणजे आग. ती वर्णनात येते, पण हिशेबात येत नाही. सभेतल्या वक्त्याकडून असे होत असेल तर ते क्षम्य आहे. परंतु अण्वस्त्रांच्या परिणामांची मोजदाद करणे हेच ज्यांचे काम होते, त्या अमेरिकन युद्धनियोजकांनीही जवळजवळ अर्धशतक नेमके हेच केले, ही गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही. एखादे लक्ष्य नष्ट करण्यास किती बॉम्ब लागतील याची कोष्टके त्यांनी तयार केली. त्या कोष्टकांत स्फोटाच्या दाबाला स्थान होते. उष्णतेला नव्हते.

मोजण्याचे शास्त्रच उपलब्ध नव्हते म्हणून हे घडले असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. शास्त्र होते, पुरावा होता आणि मोजणारी माणसेही होती. उणीव होती ती मोजलेले मान्य करण्याची. म्हणूनच हा विषय पदार्थविज्ञानाच्या वर्गापुरता राहत नाही, तो राजकारणाचा विषय होतो.

कौलांनी दिलेली साक्ष

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर सुमारे ५८० मीटर उंचीवर जो बॉम्ब फुटला, त्याची शक्ती सुमारे १५ किलोटन होती. अशा स्फोटातील सुमारे एक तृतीयांशाहून किंचित अधिक ऊर्जा उष्णतेच्या प्रारणाच्या रूपाने, म्हणजे प्रकाशासारख्या सरळ रेषेत धावणाऱ्या किरणांच्या रूपाने, बाहेर पडते. हे किरण दाबाच्या लाटेच्या कितीतरी आधी पोहोचतात. दोन किलोमीटरवरच्या माणसाला स्फोटाचा तडाखा बसायला चार-पाच सेकंद लागतात. उष्णता त्याला झगमगाटाबरोबरच भाजून काढते.

स्फोटानंतर जे संशोधक या दोन शहरांत हिंडले त्यांच्यासाठी भिंती, रस्ते आणि छपरे हीच मापनाची साधने झाली. जिथे एखादी वस्तू किरणांच्या आड आली तिथे मागच्या पृष्ठभागावर तिची छाया उमटली. पुलांच्या कठड्यांच्या छाया डांबरी रस्त्यावर सापडल्या. स्फोटकेंद्रापासून २६० मीटरवर एका बँकेच्या दगडी पायऱ्यांवर तिथे बसलेल्या एका माणसाची छाया राहिली. त्या पायऱ्या आज हिरोशिमाच्या शांती-स्मारक संग्रहालयात आहेत. या छायांच्या दिशा आणि कोन मोजून बॉम्ब नेमका कोठे आणि किती उंचीवर फुटला हे ठरवण्यात आले. मेलेल्या माणसाच्या छायेवरून मारणाऱ्याचे स्थान ठरवावे, असा हा भूमितीचा भीषण उपयोग होता.

छपरावरच्या कौलांची साक्ष याहून बोलकी होती. स्फोटकेंद्रापासून हजार मीटरपर्यंत, आणि काही ठिकाणी त्याहूनही दूर, कौलांचा वरचा थर वितळून त्यावर फुगे आलेले आढळले. त्या जातीचे कौल प्रयोगशाळेत १८०० अंश सेल्सियसला चार सेकंद तापवून पाहिले, तेव्हा तसेच फुगे उठले; मात्र ते बॉम्बने तापलेल्या कौलांपेक्षा अधिक खोलवर गेले होते. त्यावरून निष्कर्ष काढला गेला तो असा, की मूळ कौलाचा पृष्ठभाग १८०० अंशांहूनही अधिक तापला असावा, पण चार सेकंदांहून कमी काळ. घराच्या छपरावरचे साधे मातीचे कौल असा तापमापकाचा आणि घड्याळाचा, दोहोंचा जबाब देऊ शकले. ज्या शास्त्राला एवढे साधते त्याला घर पेटेल की नाही हे सांगताच येत नाही, असे म्हणणे कितपत पटण्याजोगे आहे याचा विचार ज्याने त्याने करावा.

साधे गणित आणि त्यातला वर्गभेद

हे गणित शाळकरी विद्यार्थ्यालाही कळण्यासारखे आहे. एक किलोटन म्हणजे एक लक्ष कोटी कॅलरी. पंधरा किलोटनांचा पस्तीस टक्के भाग धरला तर उष्णतेच्या रूपाने सव्वापाच लक्ष कोटी कॅलरी बाहेर पडतात. त्या चहूकडे सारख्या पसरतात. दोन किलोमीटर त्रिज्येच्या गोलाचे पृष्ठफळ सुमारे पन्नास चौरस किलोमीटर, म्हणजे पन्नास हजार कोटी चौरस सेंटिमीटर भरते. भागाकार केला की दर चौरस सेंटिमीटरला दहा कॅलरी येतात. हवेतील धूळ आणि बाष्प त्यातून काही वाटा काढून घेतात. अंतर निम्मे केले की ही उष्णता चौपट होते. एक किलोमीटरवर ती चाळीस कॅलरींच्या घरात जाते.

दहा कॅलरी म्हणजे फार नव्हे, असे वरवर वाटेल. भर दुपारचे ऊन दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला सुमारे दीड कॅलरी ओतते. म्हणजे सातएक मिनिटांच्या उन्हात तेवढी उष्णता पडतेच. फरक आहे तो काळाचा. सात मिनिटांच्या उन्हाची उष्णता वस्तूच्या आत मुरते, वाऱ्याबरोबर निघून जाते. तीच उष्णता एक-दोन सेकंदांत येऊन आदळली तर तिला मुरायला अवधी नसतो. लाकडात एका सेकंदात उष्णता अर्धा मिलिमीटरही आत शिरत नाही. सारा मारा त्या पातळ थरावर होतो, आणि तो थर कोळशासारखा काळा पडतो. कोरडा कागद, वाळलेले गवत अशा हलक्या वस्तू एवढ्या उष्णतेने पेट घेतात. माणसाची उघडी कातडी खोलवर भाजते.

आता याच दहा कॅलरी वेगवेगळ्या बांधकामांवर पडल्या तर काय होईल ते पाहावे. वस्तूने शोषलेल्या उष्णतेला तिची जाडी, घनता आणि विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकाराने भागले की तापमान साधारण किती वाढेल याचा अंदाज येतो. पडलेल्यापैकी निम्मी उष्णता शोषली गेली असे धरू. दहा मिलिमीटर जाडीची पोलादी तुळई सरासरीने सहा अंशांहून अधिक तापणार नाही. छपराचा अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा मात्र शंभर ते सव्वाशे अंशांनी तापेल. एक किलोमीटरवर, जिथे उष्णता चौपट आहे, तिथे तुळई पंचवीसएक अंशांनी तापेल आणि पत्रा साडेचारशेहून अधिक अंशांनी. आणि पत्राही ज्यांना परवडत नाही त्यांच्या छपरावरच्या पातळ प्लॅस्टिकचे गणित मांडलेच, तर दोन किलोमीटरवरच पाचशे अंशांचे उत्तर येते. याचा व्यवहारातला अर्थ इतकाच की ते तापमान येण्याआधीच प्लॅस्टिक वितळलेले, आक्रसलेले आणि पेटलेले असेल.

सूर्य सर्वांवर सारखाच तळपतो असे म्हणण्याची पद्धत आहे. बॉम्बचे किरणही सर्वांवर सारखेच पडतात. पण काय तापेल आणि किती तापेल हे ठरते ते छपराच्या जाडीवरून. आणि छपराची जाडी कोणाच्या वाट्याला किती येते हे ठरवणारे नियम पदार्थविज्ञानाचे नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची चाळीस टक्क्यांहून अधिक वस्ती झोपडपट्टीत राहते. पत्रा, प्लायवूड, ताडपत्री, पुठ्ठे यांनी उभी राहिलेली ही घरे एकमेकांना चिकटलेली आहेत, आणि प्रत्येकात गॅसची टाकी किंवा स्टोव्ह आहे. उष्णतेला वगळून केलेला हिशेब सर्वप्रथम या घरांना वगळतो.

आगीचे गणित ज्यांना येत होते

युद्धनियोजकांचा बचाव असा की आग बेभरवशाची असते. हवा दमट असेल, पाऊस असेल, घरे दगडी असतील तर ती पसरणार नाही. कोरडा वारा असेल तर सारे शहर जाळील. अशा अनिश्चित गोष्टीवर योजना आखता येत नाही, म्हणून ती हिशेबाबाहेर ठेवली. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जाड लाकूड क्षणभर भडकते आणि किरण थांबताच बहुधा विझते. आग धरायची तर तिथे कागद, पडदे, अंथरुणे असे काहीतरी हलके असावे लागते. मागून येणारी दाबाची लाट काही ज्वाळा विझवतेही. हिरोशिमात आगीचे वादळ उठले आणि सुमारे साडेअकरा चौरस किलोमीटरचा भाग जळाला. नागासाकीतला बॉम्ब अधिक शक्तीचा होता, तरी टेकड्यांमुळे तिथे जळालेले क्षेत्र हिरोशिमाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकेच होते. तेव्हा अनिश्चितता खरीच आहे.

परंतु हीच अनिश्चितता १९४३ मध्ये कोणाला आडवी आली नव्हती. त्या वर्षी अमेरिकन लष्कराने युटाच्या वाळवंटात, डगवे येथील चाचणी-मैदानावर, दोन वस्त्या उभारल्या. एक जर्मन औद्योगिक शहरांतील कामगारांच्या इमारतींच्या धर्तीवर, दुसरी जपानी लाकडी घरांच्या धर्तीवर. जर्मन वस्तीसाठी एरिक मेंडेल्सोन आणि जपानी वस्तीसाठी अँटोनिन रेमंड या नामांकित वास्तुशिल्पींचे ज्ञान वापरले गेले. घरांतील सामानसुमान, जपानी घरांतल्या गवती चटयासुद्धा, मुळाबरहुकूम ठेवण्यात आल्या. मग त्या वस्त्या पुन्हा पुन्हा जाळल्या गेल्या, पुन्हा पुन्हा बांधल्या गेल्या. कोणता आगलावा बॉम्ब कोणत्या छपरातून शिरतो, किती वेळात आग हाताबाहेर जाते, याच्या नोंदी झाल्या. ९ आणि १० मार्च १९४५ च्या दरम्यानच्या रात्री टोकियोवर जो हल्ला झाला त्यात चाळीस चौरस किलोमीटरहून अधिक शहर जळाले आणि सुमारे एक लाख माणसे मेली. आगीचे गणित येत नसते तर हे घडते ना. शत्रूच्या कामगारवस्त्या जाळायच्या होत्या तेव्हा आग मोजता येत होती. आपल्या शस्त्रांचा खरा परिणाम लोकांपुढे ठेवायची वेळ आली तेव्हा मात्र तीच आग बेभरवशाची ठरली.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक लिन ईडन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विस्मरणाचा इतिहास बारकाईने मांडला आहे. त्यांच्या मते यामागे एखादा कट नव्हता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हवाई दलाची घोषित भूमिका नेमक्या कारखान्यांवर स्फोटक बॉम्ब टाकण्याची होती. त्यामुळे स्फोटाचा अभ्यास करणारे अभियंते, त्यांची सूत्रे आणि त्यांची कोष्टके केंद्रस्थानी राहिली. आगीचे तज्ज्ञ कडेला पडले. पुढे अणुबॉम्ब आला तरी जुनीच चौकट चालू राहिली. ज्याला पैसा मिळतो त्याचे ज्ञान वाढते, आणि ज्याचे ज्ञान वाढलेले दिसते त्यालाच पुन्हा पैसा मिळतो. १९८० च्या दशकात हॅरोल्ड ब्रोड या भौतिकशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली आगीच्या हानीचाही अंदाज बांधता येतो असे दाखवून देणारे काम झाले. ती पद्धत योजनेत सामील होण्याच्या बेतात होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी ते काम थांबवण्यात आले.

ईडन यांचे हे विवेचन सवयीच्या बळावर भर देते, आणि ते पटण्यासारखे आहे. पण सवयीलाही लाभार्थी असतात. आग वगळली की एका बॉम्बने होणारा विनाश कागदावर कमी दिसतो. विनाश कमी दिसला की तेच लक्ष्य उद्ध्वस्त करायला अधिक बॉम्ब लागतात. अधिक बॉम्ब लागले की अधिक कारखाने, अधिक क्षेपणास्त्रे, अधिक कंत्राटे. १९६७ च्या सुमारास अमेरिकेच्या भांडारात तीस हजारांहून अधिक अण्वस्त्रे होती. या संख्येला अनेक कारणे होती. चुकीचे गणित हे त्यांपैकी एकच. परंतु ज्या चुकीतून प्रत्येक वेळी मागणीच वाढते, ती चूक दुरुस्त करण्याची घाई कोणाला नसते, हा अनुभव जगात सर्वत्र आहे.

रंग लावा, अंगण झाडा

नियोजकांच्या कोष्टकांत आग नव्हती, म्हणून ती सरकारला ठाऊकच नव्हती असे नव्हे. ८ मे १९५३ रोजी नेव्हाडाच्या वाळवंटात झालेल्या एका अणुचाचणीत लाकडी घरांचे छोटे नमुने उभे केले होते. एक मोडकळीला आलेले, कचऱ्याने वेढलेले. एक जुने, बिनरंगाचे. आणि मधले नीटनेटके, पांढऱ्या रंगाने रंगवलेले. कडेची दोन्ही जळाली, मधले वाचले. १९५४ मध्ये यावर 'द हाउस इन द मिडल' नावाचा प्रचारपट निघाला. तो काढण्यात अमेरिकेच्या नागरी संरक्षण खात्याबरोबर घरांची साफसफाई आणि रंगकाम यांचा प्रसार करणारी एक संस्था सहभागी होती, आणि त्या संस्थेचा संबंध रंग आणि व्हार्निशच्या उत्पादकांशी होता.

पांढरा रंग किरण परतवतो आणि अंगणातला कचरा आधी पेटतो, हे पदार्थविज्ञान बिनचूकच आहे. खोट आहे ती त्यातून काढलेल्या धड्यात. सरकारच्या एका दालनात आगीचा अंदाज करता येत नाही म्हणून ती शून्य धरली जात होती. दुसऱ्या दालनातून त्याच आगीची जबाबदारी घरमालकाच्या, आणि बहुधा घरधनिणीच्या, माथी मारली जात होती. घर वाचले तर सरकारचा सल्ला खरा ठरला. जळाले तर घरच अस्वच्छ होते. ज्याला रंग परवडत नाही, ज्याचे घर भाड्याचे आहे, ज्याच्या गल्लीतला कचरा नगरपालिका उचलत नाही, त्याने काय करावे, हा प्रश्न त्या प्रचारपटाला पडला नाही. गरिबाच्या दुःखाला गरिबाची अव्यवस्था कारणीभूत, हा जुनाच युक्तिवाद अणुयुगात नव्या रंगाने रंगवला गेला, इतकेच.

मुंबईला ठाऊक असलेली आग

स्फोट आणि आग एकत्र आली की शहराचे काय होते, हे मुंबईला पुस्तकातून शिकायची गरज नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज फुटले. जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि दारूगोळा होता, आणि त्याच जहाजात कापसाचे हजारो गठ्ठे. आधी आग लागली, मग स्फोट झाले, आणि स्फोटांनी पेटता कापूस भोवतालच्या वस्तीवर फेकला. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान स्फोटात मृत्युमुखी पडले. आजही १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्याच स्मरणार्थ. आग विझवणारेच पहिल्या तडाख्यात जातात, मग आगीला अडवणारे कोणी उरत नाही. हिरोशिमात हेच शतपटीने घडले. तेथील अग्निशामक दलाची बहुतेक साधने कोसळलेल्या ठाण्यांखाली चिरडली गेली, दलातील बहुसंख्य माणसे कामावर येण्याच्या स्थितीत राहिली नाहीत, आणि फुटलेल्या नळांमुळे पाण्याला दाब उरला नाही.

अणुबॉम्बचा मुंबईपुरता हिशेबही एकदा मांडला गेला आहे. पोखरणच्या आणि चगाईच्या १९९८ मधल्या चाचण्यांनंतर, १९९९ मध्ये, भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमणा यांनी मुंबईवर हिरोशिमाएवढा बॉम्ब पडल्यास काय होईल याचा अभ्यास केला. अण्वस्त्रयुद्धाविरुद्ध काम करणाऱ्या, १९८५ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळालेल्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तो प्रसिद्ध केला. त्यात आगीच्या वादळाचा विचार आहे. मृतांचा अंदाज कमीत कमी दीड लाखांच्या आसपास आणि जास्तीत जास्त आठ लाखांहून अधिक, असा आहे. खालचा आणि वरचा आकडा यांत एवढे अंतर आहे, म्हणून कोणी या अभ्यासाला नाके मुरडील. वस्तुतः ते अंतर हाच त्या अभ्यासाचा प्रामाणिकपणा आहे. बॉम्ब कोठे पडेल, तिथे किती दाट वस्ती असेल, हे ठाऊक नाही. म्हणून उत्तर एका आकड्यात देता येत नाही. अनिश्चित गोष्टीचे उत्तर दोन मर्यादांमध्ये द्यावयाचे असते. तिला शून्य म्हणणे म्हणजे अनिश्चितता मान्य करणे नव्हे. संभाव्य उत्तरांपैकी जे एक उत्तर नक्की चूक आहे, तेच त्यात निवडले जाते.

शहरे जळतात तेव्हा धूर उठतो, आणि तो धूर सरहद्द मानत नाही. १९८२ मध्ये पॉल क्रुट्झन आणि जॉन बर्क्स यांनी, आणि १९८३ मध्ये कार्ल सेगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, या धुराने सूर्यप्रकाश अडून पृथ्वी थंड पडण्याचा धोका दाखवला. २००७ मध्ये ॲलन रोबॉक, ब्रायन टून आणि सहकाऱ्यांनी भारत आणि पाकिस्तान यांच्यात हिरोशिमाएवढे शंभर बॉम्ब वापरले गेल्यास सुमारे पन्नास लाख टन काजळी वातावरणात उंच जाईल आणि जगभरच्या पिकांवर अवकळा येईल असे गणित मांडले. लॉस अलामॉसच्या संशोधकांनी २०१८ मध्ये याहून बराच सौम्य परिणाम वर्तवला. शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, आणि ते असणे योग्यच आहे. पण हा वाद उघड्यावर होतो आहे, आकडे तपासले जात आहेत. ज्या दोन देशांच्या शहरांविषयी तो चालला आहे त्यांच्या संसदांत आणि महापालिकांत मात्र त्याचा क्वचितच उच्चार होतो.

मागायचे काय?

स्टॉकहोमच्या 'सिप्री' या संस्थेच्या २०२५ च्या अंदाजानुसार भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रे आहेत. त्याच वर्षी ७ मे रोजी देशातील अनेक जिल्ह्यांत नागरी संरक्षणाची तालीम झाली. भोंगे वाजले, दिवे मालवले गेले. तालीम निरर्थक नसते. पारंपरिक हवाई हल्ल्यात तिच्यामुळे जीव वाचू शकतात. परंतु भोंगा वाजवून आणि दिवे मालवून अणुबॉम्बपासूनही बचाव होतो, अशी समजूत त्या तालमीच्या आडोशाने रुजणार असेल, तर ती १९५४ च्या पांढऱ्या रंगाचीच नवी आवृत्ती होईल.

या संदर्भात दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला, असे आकडे जाहीर केल्याने लोकांत घबराट पसरेल. घबराट पसरते ती अज्ञानाने आणि अफवांनी. ज्या लोकांच्या नावाने ही अस्त्रे बाळगली जातात त्यांना त्यांचा परिणाम सांगण्याची भीती सरकारला वाटत असेल, तर त्या भीतीचे कारण लोकांत शोधण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप चळवळीतल्याच काही जणांचा आहे: मृत्यूचे गणित करणे हे सेनापतींचे काम, शांततावाद्यांनी त्या चिखलात हात कशाला घालावा? हा आक्षेप सद्‌भावनेतून येतो, पण तो चुकीचा आहे. जे गणित लोक करीत नाहीत ते त्यांच्या वतीने दुसरा कोणी करतो, आणि त्यात त्यांना शून्य धरतो. शिवाय कारखान्यात यंत्राला कुंपण घालावे म्हणून भांडणाऱ्या कामगाराला अपघातांची नोंद ठेवावीच लागते. नोंद ठेवली म्हणून तो अपघाताचा पक्षपाती होत नाही.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. देशातील प्रत्येक मोठ्या शहराविषयी, स्फोट, उष्णता, आग आणि किरणोत्सर्ग या चारही बाजूंनी, अण्वस्त्रहल्ल्याच्या परिणामांचा अंदाज स्वतंत्र शास्त्रज्ञांकडून करून घ्यावा आणि तो लोकभाषांत प्रसिद्ध करावा. त्यात दगडी इमारतींबरोबर पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या घरांचीही गणना असावी. भाजलेल्या रुग्णांसाठी शहरातील रुग्णालयांत किती खाटा आहेत आणि किती लागतील, हे दोन आकडे त्यात शेजारी शेजारी छापावेत. प्रथम वापर न करण्याचे जे धोरण भारताने २००३ मध्ये अधिकृतपणे जाहीर केले, ते सैल करण्याची भाषा सोडून ते संसदेच्या ठरावाने पक्के करावे. अण्वस्त्रबंदीचा जो करार २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत संमत झाला आणि २२ जानेवारी २०२१ पासून अमलात आला, त्यावर एकाही अण्वस्त्रधारी राष्ट्राने सही केलेली नाही. त्याविषयी भारताने निदान खुली राष्ट्रीय चर्चा सुरू करावी.

या मागण्या दिल्लीला पाठवून स्वस्थ बसण्याजोग्या नाहीत. वॉर्डातल्या शाखेत, कामगारांच्या सभेत, महाविद्यालयाच्या वसतिगृहात, वस्तीतल्या महिला मंडळात वरचा साधा भागाकार फळ्यावर मांडता येतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. खडू आणि पाऊण तास पुरतो. आपल्या डोक्यावरचा पत्रा किती जाडीचा आहे हे ज्या माणसाला ठाऊक आहे, त्याला आपल्या सुरक्षिततेच्या नावाने काय विकत घेतले जात आहे हे विचारण्याचाही पूर्ण अधिकार आहे. तो प्रश्न त्याने विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारावा.